नंदादीप आणि मन



आमच्या गाभाऱ्यातील नंदादीपाची निगा हे लहानपणापासून माझ्याकडे आलेले काम आहे. पहाटे वातीवरची काजळी झाडावयाची, तेल घालावयाचे, वात किंचित पुढे सारावयाची. काम पाच मिनिटांचे. परंतु ते एक दिवस चुकले तर ज्योत मंदावते आणि दोन-तीन दिवस चुकले तर दिवा शांत होतो. मनाची गोष्ट याहून निराळी नाही. तेही विझण्यापूर्वी पुष्कळ दिवस मंदावलेले असते. आपले लक्ष मात्र अंधार झाल्यावर जाते. आजच्या पाठात मनाच्या या नित्य निगेचा विचार करावयाचा आहे. मी विद्वान नाही, शालान्त परीक्षेपुढे माझे शिक्षण झालेले नाही. तथापि या विषयात जे भोगले आणि नंतर जे समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याबरोबरीची मुले विद्यानगरातील महाविद्यालयांत जात होती आणि मी देवळाच्या पायऱ्या धूत होतो. प्रथम झोप गेली. पहाटे तीनला जाग येई, ती पुन्हा डोळा लागू देत नसे. मग अन्नावरची वासना उडाली. मंत्रपुष्पाचे जे शब्द झोपेतही चुकले नसते, ते ऐन आरतीत ओठांवर येईनात. लोकांना वाटे, पोरगा आळशी झाला. मलाही तसेच वाटे. परंतु सर्वांत दुःखद विचार निराळाच होता. देवाच्या इतक्या निकट राहून मला असे होते, त्या अर्थी माझ्या भक्तीतच खोट असली पाहिजे, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. त्या लाजेने मी कोणाशी बोललो नाही.

एके रात्री तीर्थरूप अण्णा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “बाळ, किती दिवस झोपला नाहीस?” त्यांनी उपदेश केला नाही, फक्त विचारले. मी सांगू लागलो तो तास उलटून गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कपाळी अंगारा लावला आणि मला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेले. तेथे रांगेत मी मान खाली घालून बसलो, तेव्हा ते म्हणाले, “मी मधुमेहाची गोळी रोज घेतो. देवाने त्याबद्दल मला कधी जाब विचारला नाही.” औषधाचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते, तिसऱ्या आठवड्यात मी पाच वाजेपर्यंत झोपलो. पुढे कित्येक महिने औषध चालले आणि त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू बंद झाले.

हे दुखणे माझे एकट्याचे नव्हते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तीत प्रौढांपैकी शेकडा १०.६ जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार असल्याचे आढळले. महाप्रसादाच्या पंगतीत बसलेल्या दर दहा माणसांत एक, असा याचा अर्थ. आणि त्यांपैकी उपचार न मिळालेले किती? विकाराच्या प्रकारानुसार शेकडा ७० ते ९२. ही माणसे आपल्या शेजारीच बसतात, प्रसाद घेतात आणि काही न बोलता घरी जातात.

मग निगा कशी राखावी? नित्याची चार पथ्ये सांगतो.

पहिले पथ्य निद्रेचे. झोपण्याची व उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी. अंथरुणावर पडल्यावर मोबाइल पाहत राहणे टाळावे. झोप बिघडणे ही ज्योत मंदावल्याची पहिली खूण असते, म्हणून घरातील कोण जागे राहते याकडे वडीलधाऱ्यांनी लक्ष द्यावे.

दुसरे पथ्य चालण्याचे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून निदान १५० मिनिटे बेताचा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. उणकल तलाव आपल्यापासून दूर नाही. तेथे सकाळच्या उन्हात फेरी मारावी आणि शक्य तर कोणाला सोबत न्यावे. एकलकोंड्या माणसास बोलावण्यास ‘चला, तळ्यापर्यंत जाऊन येऊ’ यापेक्षा सोपे निमित्त नाही.

तिसरे पथ्य व्यसनापासून दूर राहण्याचे. दुःख विसरण्यासाठी घेतलेले मद्य झोप मोडते आणि उदासी वाढवते. त्याने दुःख जात नाही. ते उद्यावर पडते, एवढेच.

चौथे पथ्य बोलण्याचे आणि ऐकण्याचे. हे सर्वांत कठीण. आपल्या घरोघरी गीतेचे वाचन होते. पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. अर्जुनाची गात्रे गळतात, तोंड कोरडे पडते, हातातून गांडीव निसटते, आणि तो हे सारे लपवीत नाही, सांगतो. त्या अध्यायात त्याचे हे दुःख सांगणे चालू असता श्रीकृष्ण त्याला मध्येच थांबवीत नाहीत. उपदेश आहेच, परंतु तो ऐकून घेतल्यानंतर आहे. आपण मात्र ‘मन घट्ट कर’, ‘तुला काय कमी आहे?’ असे म्हणून पहिला अध्याय गाळतो आणि एकदम दुसऱ्यावर जातो!

ही पथ्ये निरोग्यासाठी आहेत आणि आजाऱ्यालाही उपयोगी आहेत. पण ती औषधाची जागा घेत नाहीत. दोन आठवडे सतत उदासी राहिली, कशातच रस वाटेना, झोप, भूक वा कामकाज बिघडले, तर डॉक्टरांना दाखवावे. कोणी ‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ, मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मनावरचा भार हलका होतो. त्याच दिवशी उपचारांची व्यवस्था करावी.

येथे कोणी म्हणेल, ‘मग देवळाचे काम काय?’ काम आहे, आणि मोठे आहे. तमिळनाडूतील एका देवस्थानात राहावयास येणाऱ्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास संशोधकांनी केला. तो २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सरासरी सहा आठवड्यांच्या वास्तव्यानंतर रुग्णांची लक्षणे जवळजवळ एक पंचमांशाने कमी झाली होती. संशोधकांनी याचे श्रेय कोणत्याही विशेष विधीला दिले नाही. आपलेपणाच्या, निर्भय वातावरणाला दिले. त्याच तमिळनाडूत एरवाडी या श्रद्धास्थानाच्या गावी ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. नातलगांनी त्यांना बरे होण्याच्या आशेनेच तेथे ठेवले होते. श्रद्धा दोन्हीकडे होती. एकीकडे माणसाला माया मिळाली, दुसरीकडे साखळी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आपल्यातील काही कुटुंबे आजारी माणसाला गाणगापूरला नेतात. अवश्य न्यावे, दर्शन घ्यावे; परंतु डॉक्टरांनी दिलेली गोळी तेथेही चुकवू नये.

उपचारांसाठी दूर जावयाचे कारणही नाही. १९५७ साली सुरू झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आपल्या विद्यानगरातच आहे. धारवाडचे मनोरुग्णालय ब्रिटिश अमदानीत १८४५ साली सुरू झाले. ते पूर्वी ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणून ओळखले जाई आणि त्या नावाच्या भीतीने कित्येक माणसे घरातच कुढत राहिली. आज तीच मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची ‘डिमहान्स’ संस्था आहे. २०२२ पासून भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य बोलता येते. तिच्या भाषांत कन्नड आहे, मराठीही आहे. हा क्रमांक कृपया दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

शेवटी एक विनंती. येत्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एका सायंकाळी दिवेलागणीनंतर एकत्र बसावे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: ‘तुला झोप कशी लागते?’ उत्तर येईपर्यंत थांबावे आणि ते पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये. त्या रात्री अण्णांनी एवढेच केले होते. आज पहाटे नंदादीपाची काजळी झाडावयास मी उभा होतो, तो त्यामुळेच.

इति शुभम्.