शुक्रवारच्या बैठकीविषयी

चि. बाळास,

मन फार खचते म्हणून घेतो, फार उसळते म्हणूनही घेतो, मद्य हे माझे दुसरे औषधच, ही जी कैफियत तू पत्रात मांडली आहेस, तीत लबाडी नाही हे मान्य करूनही ती ग्राह्य धरण्यास माझे मन धजत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी द्विध्रुवी विकाराच्या ५८४ रुग्णांची पाच ते दहा वर्षांची नोंद तपासून २०२४ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो तुझ्या म्हणण्याच्या नेमका उलट आहे: ज्याने आपल्या नेहमीच्या प्रमाणाहून अधिक घेतले, त्याचे औदासीन्य व उन्माद पुढल्या सहा महिन्यांत बळावले, कामकाजही बिघडले, दुखणे बळावले म्हणून पिणे वाढले, असे मात्र आढळले नाही. तुझ्या कैफियतीत आरोपीच फिर्यादी होऊन बसला आहे.

त्यातून झोपेचा प्रश्न. दोन पेगांनी डोळा चटकन लागतो, पण मध्यरात्र उलटल्यावर उघडतो तो पुन्हा मिटत नाही. इतरांस ती नुसती कटकट, तुझ्यासारख्यास मात्र ती उन्मादाची पहिली पायरी ठरू शकते.

तथापि मला खरी धास्ती तू घेतोस त्या लिथियमची वाटते. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादावर गुणकारी म्हणून पुढे आणलेला हा साधा क्षार, पण त्याच्या औषधी व विषारी मात्रांत अंतर थोडे. मद्याने लघवी वाढते, वर ओकारी झाली तर शरीरातले पाणी आणखी घटते, आणि रक्तातले लिथियम चढते, मग हात थरथरतो, पाय लटपटतात, जीभ जड होते, आणि भोवतालची मित्रमंडळी हसत म्हणतात, "याला चढली आहे, निजू द्या." ज्याला तत्काळ इस्पितळात न्यावयाचे, त्याच्या अंगावर पांघरूण घातले जाते!

शुक्रवारच्या पिण्याच्या बैठकीसारख्या दिवशी लिथियमची गोळीच चुकवावयाची, म्हणजे दोहोंची गाठ पडत नाही, अशीही एक युक्ती काही लोक करतात. या शहाणपणाइतके महाग दुसरे काही नाही.

पिणे एकदम सोड, असा हुकूम मी करीत नाही, कारण रोज पुष्कळ घेणाऱ्याने एकाएकी थांबविल्यास झटके येण्याचा संभव असतो. किती घेतोस ते डॉक्टरांना सांग, आणि निम्मे करून सांगू नकोस. लिथियमच्या तपासणीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावयाचे असते, तेव्हा त्या दिवशीची सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घे. वहिनींना मी काही कळविलेले नाही. ते तूच सांगावेस.

तुझा,
काका