भाच्यास पत्र

धाराशिव
रविवार, संध्याकाळ

चि. बाळा,


गेल्या रविवारी तुझा पहिला उपदेश ऐकला. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली, मलाही बरं वाटलं. पण उपासना सुटल्यावर मागे सतरंजीवर बसलेल्या एका ऊसतोड बाईनं विचारलं, "आक्का, काय म्हणत होतं ओ तुमचं पोरगं?" तू अर्धा तास पवित्रीकरणावर बोललास. तिच्या पदरात काहीच पडलं नाही.

सेमिनरीतले परदेशी पंडित जरूर वाच, पण आधी आपल्या पंडिता रमाबाई वाच. 1878 साली कलकत्त्यात ज्यांना 'सरस्वती' म्हणून गौरवलं, त्या या बाई. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धी गहाण टाकली नाही. अंडं घातलेलं पुडिंग खाल्लं नाही. क्रुसावर लॅटिनच कशाला, संस्कृत का नको, असं तिथल्या सिस्टरना विचारलं. ख्रिस्ताची खरी ओळख पटली तीही बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा शंका आल्या तर घाबरू नकोस.

त्यांचे आई-वडील दुष्काळात उपासमारीनं गेले होते. म्हणून 1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी पोरीबायका केडगावला घेऊन आल्या. पुढे उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून पवित्र शास्त्र मराठीत आणलं. संस्कृतचं एवढं भांडार जवळ असून अडाणी बाईला कळेल अशी मराठी धरली. केडगावच्याच छापखान्यात, त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनमधल्या बायकांच्या हातून ते छापलं गेलं. पुरं झालं 1924 साली. बाई 1922 लाच गेल्या होत्या.

बहात्तरच्या दुष्काळात तुझी आजी खडी फोडायला जायची. संध्याकाळी पदरात सुकडी बांधून आणायची. प्रार्थनेत 'रोजची भाकर' म्हणताना तिचा आवाज कापायचा. तो शब्द तिला कुणी फोड करून सांगितला नव्हता.

ग्रीक शीक, पदवी घे, आम्हाला अभिमानच आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा नवा उपदेश लिहून आण आणि चुलीपाशी बसून वाच. मी भाकरी थापत ऐकेन. ज्या वाक्याला माझा हात थांबेल, ते तिथल्या तिथं बदल.

तुझी,
आत्या