काढलेला सांधा कोणाच्या हाती जाणार?

प्रश्न : माझ्या यजमानांचा उजव्या खुब्याचा सांधा २००९ मध्ये मुंबईत बदलला होता. गेल्या वर्षापासून जांघेत दुखतं, चालताना आवाज येतो. पुण्यातले डॉक्टर म्हणतात, धातूवर धातू घासून आतलं मांस खराब झालंय, सांधा काढून नवा बसवावा लागेल. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. जॉन्सन अँड जॉन्सनला अमेरिकेत हजारो कोटी भरावे लागले असं वाचलं. आम्हाला तिकडे दावा लावता येईल का? किती रक्कम मिळेल? ऑपरेशन नीट पार पडलं की वकील गाठणार आहोत. डॉक्टरांना अजून काही बोललेलो नाही. त्यांना राग आला तर?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : अमेरिकेतल्या दाव्याचा विचार सोडून द्यावा. सांधा मुंबईत बसला, रुग्ण साताऱ्यात राहतो, तेव्हा लढाईही इथलीच. बातम्यांतल्या रकमांनी हुरळून जाण्यातही अर्थ नाही. २०१८ मध्ये सेंट लुईसच्या ज्युरीने टाल्कम पावडरच्या खटल्यात २२ महिलांना ४.६९ अब्ज डॉलर द्यायला सांगितले. अपिलात २०२० मध्ये तो आकडा २.१ अब्जांच्या आसपास आला. शिवाय तो खटला पावडरचा होता, खुब्याचा नव्हे.

खुब्याचं प्रकरण वेगळं आहे, आणि ते ताईंच्या पत्राच्या जवळचं आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा सांधा होता. वाटीही धातूची, गोळाही धातूचा. घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटायचे, रक्तात उतरायचे, भोवतालचं मांस खराब करायचे. ऑस्ट्रेलियातून तो डिसेंबर २००९ मध्ये मागे घेतला गेला, जगभरातून ऑगस्ट २०१० मध्ये. अमेरिकेत २०१३ साली सुमारे आठ हजार रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत गुन्हाही नोंदवला. केंद्राने समिती नेमली आणि २०१८ मध्ये वय व अपंगत्व धरून ३० लाख ते १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरवलं. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी तिने दाखवली.

पण हे सगळं ताईंना लागू आहे का? पत्रात सांध्याच्या कंपनीचं नावच नाही. धातूवर धातूचे सांधे इतरही कंपन्यांनी विकले. रक्कम विचारण्याआधी विचारायचा प्रश्न हा होता : आत बसवलेली वस्तू कोणाची, हे सिद्ध कशावरून करायचं?

उत्तर एका चिकटपट्टीत असतं. इम्प्लांटच्या खोक्यासोबत छोटी स्टिकरं येतात. त्यावर कंपनीचं नाव, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, माप असतं. ती ऑपरेशनच्या नोंदींच्या कागदावर चिकटवतात. एखादं रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावरही सापडतं. घरातली जुनी फाइल आजच उघडावी. नसेल तर मुंबईच्या रुग्णालयाकडे लेखी अर्ज करावा. आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, असा डॉक्टरांवरचा नियम आहे. २००९ चा कागद म्हणूनच मिळेलच असं नाही. भारतातल्या एएसआर रुग्णांपैकी सुमारे ३,६०० जणांचा पत्ताच लागला नाही. भरपाईचं सूत्र तयार होतं, मात्र ती घ्यायला माणसं सापडेनात.

आता मुख्य गोष्ट. ‘ऑपरेशन पार पडलं की बघू’ या एका वाक्याने चांगल्या चांगल्या तक्रारी बुडाल्या आहेत. स्टिकर हरवलं असेल तर उरलेला सर्वांत भक्कम पुरावा यजमानांच्या खुब्यातच आहे. गोळ्यावर आणि वाटीवर क्रमांक कोरलेले असतात, धातू कुठे किती झिजला ते त्यावर दिसतं. हा पुरावा पुढच्या महिन्यात एका दुपारी बाहेर निघणार आहे. त्याचं काय करायचं हे कोणी सांगितलं नाही, तर तो रुग्णालयाच्या निळ्या खोक्यात जाईल. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत धातूच्या इम्प्लांटची जागा तीच आहे. नाहीतर कंपनीचा माणूस ‘तपासणीसाठी’ म्हणून घेऊन जाईल. मग ग्राहक आयोगापुढे तक्रारदाराच्या हाती उरतात फक्त एक्स-रे आणि बिलं. कंपनीचा वकील एकच विचारतो, हा सांधा आमचाच होता कशावरून? तिथे खटला संपतो.

म्हणून ऑपरेशनच्या आधी, डॉक्टर आणि रुग्णालय दोघांच्या नावे साधा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्यात लिहावं की काढलेल्या सांध्याचे सर्व भाग फोटो काढून, निर्जंतुक करून, सीलबंद करून आम्हाला द्यावेत, क्रमांक ऑपरेशनच्या नोंदीत उतरवावेत, आणि ते भाग आमच्या लेखी संमतीशिवाय कोणालाही देऊ नयेत. काढलेल्या मांसाचा तुकडा पॅथॉलॉजीला पाठवावा. रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी सांधा आत असतानाच करून घ्यावी; काढल्यानंतर पातळी उतरू लागते. कोणी मोफत उपचार देऊ केले तरी ‘संपूर्ण व अंतिम’ अशा कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

डॉक्टर रागावतील ही भीती पत्रात शेवटी आली असली, तरी खरी चिंता तीच दिसते. ज्याच्या हाती नवरा सोपवायचा त्याला दुखवायचं कसं? पण पुण्याच्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार नाहीच. उद्या त्यांची नोंद हाच आधार ठरेल. अर्ज त्यांच्यापुढे ठेवून मोकळेपणाने बोलावं. मात्र खटल्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलणं हा मूर्खपणा आहे.

मुदतीच्या बाबतीतही ‘नंतर बघू’ चालत नाही. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षं. ती कधीपासून मोजायची यावरच भांडण होतं. गोव्यातल्या एका परिचारिकेचं १९९३ मध्ये मुंबईत ऑपरेशन झालं, पोटात राहिलेली पट्टी २००२ मध्ये सापडली. तिने दोन वर्षांच्या आत तक्रार केली, तरी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली : नऊ वर्षं वेदनाशामक गोळ्या घेत काढली, कारण का शोधलं नाही? यजमानांचं दुखणं गेल्या वर्षी सुरू झालं, तर मुदत तेव्हापासूनच धरून चालावं. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगातच करता येते. अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नाही, मोजलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. नव्या ग्राहक कायद्यातलं उत्पादकाच्या दायित्वाचं वेगळं प्रकरण जुलै २०२० पासून लागू झालं. २००९ च्या सांध्याला ते लागू होतं का, यावर समोरचा वकील वाद घालेल, पण सदोष वस्तूची तक्रार जुन्या कायद्यातही होतीच. सांधा एएसआर निघाला तर त्याच्या भरपाईसाठीच्या राज्य समितीकडेही अर्ज करावा.

वकील ऑपरेशननंतर नव्हे, या आठवड्यात गाठावा. अर्ज त्याच्याकडूनच लिहून घ्यावा आणि भरती होण्याआधी पोच हाती असल्याची खात्री करावी.