काकूंचा सांभार

नागपूर,
तान्ह्या पोळ्याची रात्र

चि. गुड्डीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत उभा होतो. ढोलताशांत ‘काकू’, ‘दगड’ आणि ‘ठाण्यात जाते’ एवढंच ऐकू आलं. बाकीचं रात्री तुझ्या आईनं सांगितलं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. पत्र तुला मध्येच कापता येणार नाही.

मला कळलं ते असं. जूनमध्ये तू बोरगावात ती खोली घेतलीस. येताना एक मांजर आणलीस, दुसरी तिथेच मिळाली, आणि तिसरा तो राखाडी बोका दुधाच्या वासानं आला नि राहिला. शेजारच्या काकूंच्या सांदवाडीत चार वाफे आहेत. सांभार (म्हणजे कोथिंबीर), मेथी, पालक आणि थोडा मुळा. तुझी मांजरं रोज पहाटे तिथे जाऊन उकरतात आणि घाण करून येतात. काकू तीनदा सांगायला आल्या. तिन्ही वेळा तू म्हणालीस, “मुकं जनावर आहे काकू, त्याला काय कळतं?” मग त्यांनी वाफ्यांवर फिनाईल शिंपडलं. परवा दगड भिरकावला, तो भिंतीला लागला. आणि तू मोबाईलवर कलमं शोधलीस.

कलमं खरी आहेत, त्यात वाद नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला मारणं, त्याला अपायकारक काही खाऊ घालणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. साठ वर्षं उलटली, रुपयाची किंमत कुठल्या कुठे गेली, दंड तिथेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं ३२५ वं कलम कडक आहे. जनावराला ठार केलं, विष घातलं किंवा लुळंपांगळं केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. एवढं सगळं तू वाचलंस. पण मांजर तुझी आणि वाफा दुसऱ्याचा, अशा वेळी घाण तशीच राहू द्यायचा हक्क तुला कोणत्या कलमात मिळाला, ते मला दाखव.

पुण्यातली गोष्ट तुझ्या वाचनात आली असेलच. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका सोसायटीत एकाच फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरं निघाली. शेजाऱ्यांच्या तक्रारी काही वर्षांपासून होत्या, वासानं जीव नकोसा झाला होता. शेवटी महापालिकेनं मांजरं हलवण्याची नोटीस दिली. तुझी तीन आणि ती तीनशे, यात फरक आहे हे मलाही कळतं. पण ती तीनशेसुद्धा एकदम आली नसणार. मांजरीचा गाभण काळ साधारण दोन महिन्यांचा, पिल्लं तीन-चार, आणि ती मादी पिल्लं पाच-सहा महिन्यांत स्वतः माजावर येतात. तुझ्या दोघी मांजरी आणि तो राखाडी पाहुणा यांचा हिशेब तूच कर. बी.एस्सी. झालीस ना?

आता काकूंच्या बाजूनं जरा बघ. पावसाळ्यात सगळं अंगण चिखल, कोरडी भुसभुशीत माती काय ती पत्र्याखालच्या वाफ्यात. मांजराला नेमकी तीच हवी असते, उकरायला नि बुजवायला. म्हणजे मांजराचं काही चुकलेलं नाही. पण सांभार आपण शिजवून खातो का? चटणीत कच्चा, पोह्यांवर कच्चा, वरणावर कच्चा. आणि तुझ्या आईच्या बोलण्यात एक गोष्ट सहज येऊन गेली, ती तू मला सांगितली नव्हतीस. काकूंची सून पाचव्या महिन्यात आहे.

मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरतो. उंदीर, पाखरं, कच्चं मटण यांतून तो मांजरात येतो. बहुतेक माणसांना त्याचा त्रास होत नाही, झाला तर सर्दीतापाएवढा. पण बाई गरोदर असताना पहिल्यांदाच लागण झाली तर ती पोटातल्या बाळापर्यंत जाऊ शकते. प्रत्येक मांजर हा रोग घेऊन हिंडत नाही. ज्याला लागण होते तेही बहुधा थोडेच आठवडे तो पसरवतं. तरी घाण पडलेल्या मातीत तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो. मुख्य गोष्ट अशी की ताज्या घाणीतून तो लागत नाही, त्याला लागण करण्याजोगं व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे जी घाण त्याच दिवशी उचलली जाते, तिची भीती जवळजवळ संपते. कोणी उचलायची, हाच काय तो प्रश्न. काकू भांडखोर असतीलही. पण तीनदा त्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात सुनेची काळजी होती आणि तुझ्या डोक्यात ‘मुकं जनावर’ होतं.

मी हे कोणत्या तोंडानं सांगतो, तेही सांगतो. हे मी तुझ्या मामीलाही कधी बोललो नाही.

बोरगावात कारखाने येत होते तेव्हाची गोष्ट, तुझा जन्मही नव्हता. मी तिथे नोकरीला होतो, भाड्याच्या खोलीत राहायचो. मागे मी संत्र्याची रोपं लावली होती. खुंटावर डोळे बांधलेली, स्वतःच्या हातानं. सौंसरकडच्या माणसाला संत्र्याचं वेड नसेल तर कोणाला? शेजारी एक म्हातारी एकटी राहायची. तिचा एक पिवळा बोका होता, मोठ्या डोक्याचा, फाटक्या कानाचा. तो रोज माझ्या वाफ्यात उकरायचा, खुंटांवर मुतायचा. दोन रोपं त्यानं उपटून काढली. मी म्हातारीला एकदाच सांगितलं, तेही वरच्या आवाजात. ती म्हणाली, “बांधू कसा रे बाबा त्याला?” मला वाटलं, ही मुद्दाम करते.

एका रात्री मी त्याला सुकटीच्या वासानं बोलावला, पोत्यात घातला, सायकलला बांधला आणि कन्हानच्या पुलापलीकडे सोडून आलो. मारलं नाही, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं म्हणतात, तेवढं भय होतं. आज मारबतीच्या मागे सगळे ओरडत होते, रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा. मीही तेच केलं होतं. गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकलं की पीडा गेली.

बोका परत आला नाही. मांजरं परत येतात असं म्हणतात, मी आठ दिवस मनातून वाट पाहिली. म्हातारी रोज दिवेलागणीला कुंपणाशी यायची, ताटली वाजवायची आणि ‘ये रे’ म्हणायची. मला विचारायची, “तुला दिसला का रे?” मी नाही म्हणायचो. माझी संत्री जगली. दोन वर्षांनी माझी बदली झाली, तोवर ती ताटली मी ऐकत होतो. तिला खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही, आणि पुढे सांगायला ती राहिली नाही.

म्हणून तुझ्या काकूंचा दगड मला ओळखीचा वाटला. त्या दुष्ट नाहीत. एकदा सांगून, दोनदा सांगून, तीनदा सांगून ज्याचं कोणी ऐकत नाही, त्याच्या हाताला शेवटी दगड लागतो. तुमच्या जिल्ह्यात तर आजच गोटमार झाली असेल, जाम नदीच्या या काठी पांढुर्णा, त्या काठी सावरगाव. दरवर्षी माणसं फुटतात आणि पहिला दगड पलीकडून आला असं दोन्ही काठ म्हणतात. आपल्या गावांत धुऱ्याची भांडणं अशीच चालतात, हातभर जमिनीसाठी तीन पिढ्या कोर्टात. तू सांदवाडीचा धुरा चालू करू नकोस.

काय कर ते सांगतो. उद्या सकाळी फावडं आणि बादली घेऊन काकूंकडे जा. चूक झाली असं म्हण, आणि ‘पण’ म्हणू नकोस. घाण स्वतः काढ, हातमोजे घालून. पुढचे पंधरा दिवस रोज पहाटे जा, त्यांनी नको म्हटलं तरी जा. सांभार वाहत्या पाण्यात धुवा आणि सुनेनं मातीत हात घालू नये, हेही सांग. ते तुझ्या तोंडून आलं की त्यांना कळेल, तुला कळलं.

तुझ्या पत्र्याखाली, तुझ्या बाजूला, दोन-तीन हाताचा चौकोन करून वाळू भर. वीतभर खोल. काकूंच्या वाफ्यातली घाणीची मूठभर माती आधी त्यात टाक, वासावरून मांजरं तिकडे वळतील. तो चौकोन रोज साफ करायचा, नाहीतर तीही काकूंच्या बाजूनं होतील. निघालेली घाण खतात नको, लांब खोल पुरायची. काकूंच्या वाफ्यांवर जाळी आडवी टाकून दे किंवा बाभळीच्या काट्या पसर, तुझ्या खर्चानं. रोपं दाट झाली की मांजर तिथे बसत नाही, महिन्याभराचं काम आहे. संत्र्याची सालं टाका असं तुला तिथे दहा जण सांगतील. टाक, पण दोन दिवसांपलीकडे विश्वास ठेवू नकोस. वाळली की वास जातो. मी पोतंभर टाकून पाहिली आहेत.

फिनाईल मात्र बंद व्हायला हवं, आणि ते रागानं नको, समजावून. पायाला लागलेलं मांजर चाटतं आणि फिनॉलसारखी द्रव्यं त्याच्या यकृताला पचवता येत नाहीत. डांबरगोळ्याही तशाच. काकूंना हे माहीत असण्याचं कारण नाही, त्यांनी फरशी पुसायचं औषध वापरलं. हे सांगण्याची जागा माफीनंतर येते, आधी नाही.

आणि तिघांचीही नसबंदी. बोका पाहुणा आहे म्हणू नकोस. ज्याची ताटली तू भरतेस तो तुझा. नसबंदी झाली की त्याचं हिंडणं, भिंतीवर मुतणं बरंच कमी होतं, आणि त्या उग्र वासाची अर्धी भांडणं मिटतात. तुमच्याकडे मध्य प्रदेशात १९६२ या नंबरवर पशुवैद्यकीय गाडी मिळते, पण शस्त्रक्रियेला तू नागपूरलाच आण. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे, मी चौकशी करून ठेवतो. आधी बोक्याला आण. मांजरींपैकी एखादी आत्ताच गाभण असेल तर ते डॉक्टर बघतील.

ठाण्याचं राहिलं. जायचंच असेल तर पंधरा दिवस फावडं चालवून मग जा, मी सोबत येतो.

मामी बरी आहे. तिनं तुझ्यासाठी करंज्या ठेवल्या आहेत, त्यातल्या निम्म्या काकूंच्या सुनेला दे.

तुझा,
मामा

ता. क. झाकणाची टोपली आण. मागच्या खेपेला तू मांजर ओढणीत गुंडाळून आणलीस, आणि बोरगाव ते सावनेर कंडक्टर पाय वर घेऊन बसला होता.