अमेरिकेत पदवीचे ऐच्छिक विषय निवडताना

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत पदवीसाठी सुमारे 120 क्रेडिट पूर्ण करावी लागतात. एक विषय साधारण 3 क्रेडिटचा, म्हणजे चार वर्षांत चाळीसेक विषय. त्यांतले काही मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे. काही सर्वांना सक्तीचे. मुले त्यांना ‘जेन-एड’ म्हणतात. लेखन, गणित, विज्ञान, समाजशास्त्रे, कला अशा गटांतून ते ठरावीक संख्येने घ्यावे लागतात. उरलेली जागा पूर्णपणे ऐच्छिक विषयांची. अभियांत्रिकीत ती अगदी थोडी असते, इतिहासात किंवा अर्थशास्त्रात बरीच. पण गट सक्तीचा असला तरी त्यातला नेमका विषय विद्यार्थीच ठरवतो, त्यामुळे निवडीचा प्रश्न कोणालाच चुकत नाही.

ही पद्धत रुजली ती हार्वर्डमध्ये, चार्ल्स एलियट तिथे अध्यक्ष असताना (1869 ते 1909). त्यांनी जवळजवळ सगळेच विषय ऐच्छिक केले. मुले सोप्या प्रास्ताविक विषयांतच फिरत राहतात अशी टीका झाली, तेव्हा त्यांच्यानंतरचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी एका विषयात खोली आणि इतर गटांची ओळख अशी सांगड घातली. आज बहुतेक ठिकाणी हीच सांगड दिसते. कोलंबिया विद्यापीठात मात्र ठरावीक ग्रंथांचा सामाईक अभ्यासक्रम सर्वांना करावा लागतो, तर ब्राउन विद्यापीठाने 1969 मध्ये गटांची सक्तीच काढून टाकली. हा फरक प्रवेश घेतल्यावर नव्हे, अर्ज भरतानाच पाहायला हवा.

पुण्या-मुंबईत ठरलेल्या अभ्यासक्रमात शिकलेल्या पालकांना ऐच्छिक विषय म्हणजे जादाचा, मार्क वाढवणारा विषय वाटतो. अमेरिकेत स्थिरावलेल्या कुटुंबांचा अनुभव उलट सांगतो. त्या विषयाची फी मेजरच्या विषयाइतकीच पडते आणि त्याची श्रेणीही त्याच जीपीएत, म्हणजे श्रेणींच्या सरासरीत, धरली जाते. शिवाय मेजर बदलण्याची वेळ आली, आणि ती अनेकांवर येते, तर नवे मेजर बहुधा अशाच एखाद्या विषयातून सापडलेले असते. म्हणून ‘सोपा कोणता’ हा पहिला प्रश्न नसावा.

मुख्य विषयात जे कमी पडते ते ऐच्छिक विषयातून भरून काढणे हा निवडीचा एक चांगला आधार आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला लेखनाचा किंवा वक्तृत्वाचा विषय उपयोगी पडतो, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र. वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्यांनी मानसशास्त्र आणि समाजशास्त्र टाळू नये; 2015 पासून वैद्यकीय प्रवेशाच्या एमकॅट परीक्षेत या दोन्हींवर प्रश्न असतात. दुसरा आधार निखळ कुतूहलाचा, आणि तो कमी मोलाचा मुळीच नाही. 1913 मध्ये कोलंबियात आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर पदव्युत्तर विद्यार्थी होते, मुख्य विषय अर्थशास्त्र. तरी त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्राचे वर्गही केले. जातिसंस्थेवरचा त्यांचा 1916 चा निबंध मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रातच वाचला गेला.

विषयाचा क्रमांकही पाहावा. पुष्कळ विद्यापीठांत 100 च्या घरातले विषय प्रास्ताविक असतात आणि 300-400 च्या घरातल्यांना आधीचे काही विषय पूर्ण झालेले लागतात. नाव आकर्षक म्हणून थेट वरच्या पातळीचा विषय घेतला की पहिल्या महिन्यातच दम लागतो. प्राध्यापकांचा सिलॅबस मिळवून तो शब्द न् शब्द वाचावा. त्यात निबंध किती, परीक्षा किती आणि वर्गातल्या चर्चेला किती टक्के हे लिहिलेले असते. या चर्चेच्या टक्क्यांकडे आपल्या मुलांचे हमखास दुर्लक्ष होते. शिक्षकांपुढे गप्प बसणे हा आपल्याकडे आदर मानला जातो. तत्त्वज्ञानाच्या किंवा साहित्याच्या वर्गात मात्र न बोलणाऱ्याने वाचलेच नाही असा समज होतो. निबंधात दुसऱ्याचे वाक्य किंवा कल्पना उल्लेखाशिवाय वापरणे हा तर गंभीर गुन्हा धरतात. प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळा असतात. तिथे शंका घेऊन जाणे कमीपणाचे नाही.

सत्राच्या सुरुवातीला विषय बदलायला मोजके दिवस मिळतात. त्यानंतर विषय सोडला तर गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ उमटतो. एखादा ‘डब्ल्यू’ फार बिघडवत नाही. मात्र एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या पदवी विद्यार्थ्याने दर सत्रात किमान 12 क्रेडिट राखायची असतात आणि त्यांत ऑनलाइन विषय एकच धरला जातो. त्यामुळे विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारणे अत्यावश्यक. फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नोंदीवर विषय घेण्याची सोय अनोळखी क्षेत्रासाठी चांगली आहे, पण मेजरच्या विषयांना ती बहुधा चालत नाही.

शाळेत असताना दिलेल्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षांची किंवा कम्युनिटी कॉलेजची क्रेडिट कोणत्या गटात धरली जातील हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. ते विद्यापीठातल्या अ‍ॅडव्हायझरकडून, म्हणजे शैक्षणिक सल्लागाराकडून, लेखी घ्यावे.

पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 1974 च्या संघीय कायद्यानुसार कॉलेजातल्या मुलाच्या गुणांवर हक्क त्याचा स्वतःचा असतो, फी कोणीही भरलेली असो. मुलाच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ सहसा आई-वडिलांना गुण सांगत नाही. म्हणून विषय निवडतानाच मुलाशी मोकळेपणाने बोलावे आणि शेवटचा निर्णय त्याच्यावर सोडावा.