बार्ब मासे पाळताना : घोळका, पाणी आणि घरी राहणारं माणूस



शोभेच्या माशांचा व्यवसाय करावा का, हा विषय गटांच्या बैठकीत निघतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या छोट्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला आहे आणि महिलांना त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. आकडा ऐकून हुरूप येतो. पण उरलेले १ लाख २० हजार आपलेच, आणि बहुतेक वेळा ते गटाच्या कर्जातूनच उभे करावे लागतात. म्हणून आधी एका टाकीवर हात बसवायचा. त्यासाठी टायगर बार्ब हा मासा घेऊ. अंगावर काळे पट्टे असलेला, दोन-अडीच इंचांचा, चपळ मासा.

१. एकटा ठेवू नका

बार्ब घोळक्यात राहणारा मासा आहे. एक-दोनच ठेवले तर ते बुजतात, कोपऱ्यात बसतात, नाहीतर दुसऱ्यांचे पर-शेपट्या कुरतडतात. सहा-आठ एकत्र असले की त्यांची मस्ती आपापसातच चालते. गप्पी, एंजल, फायटर असे लांब शेपटीचे मासे त्यांच्यासोबत कधीच ठेवू नका. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं. तिच्यात सहा पुरे. जास्त भरले आणि लाईट जाऊन हवेचा पंप बंद पडला, तर मासे गुदमरतात.

२. आधी पाणी मुरू द्या

बरेच मासे पहिल्या पंधरवड्यातच मरतात. पाणी तर स्वच्छ दिसतं, मग झालं काय? माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाला विष आहे. त्याला कमी घातक करणारे चांगले जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. चांगल्या चालू टाकीतला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. म्हणून टाकी आज आणली आणि मासे उद्या सोडले, असं करू नका.

टीसीएल टाकलेलं नळाचं किंवा टँकरचं पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवूनच वापरा. बोअरचं पाणी जड असतं. मोठे बार्ब ते बऱ्यापैकी सोसतात, पण अंडी-पिल्लांसाठी हलकं पाणी बरं. पहिले एक-दोन पाऊस जाऊ द्या, मग पत्र्यावरचं स्वच्छ पाणी साठवून त्यात मिसळा.

३. रोजचं काम

- दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य. अधूनमधून उकडलेला पालक.
- आठवड्याला पाव टाकी, म्हणजे साधारण एक हंडा पाणी बदला. काढलेलं पाणी फेकू नका, परसबागेतल्या मेथी-वांग्याला घाला. ते खतासारखं लागू पडतं.
- पाणी २३ ते २७ अंश गरम असावं. एप्रिल-मेमध्ये टाकी उन्हापासून लांब, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. थंडीत रात्री पांघरूण घाला.

४. पिल्लं

मादी पोटाने गोल असते, नराचं नाक लालसर दिसतं. वेगळ्या टबात तळाला गोट्या पसरा आणि एक जोडी सोडा. अंडी गोट्यांच्या फटीत पडली की जोडी लगेच बाहेर काढा, नाहीतर आई-बापच अंडी खातात. दीड-दोन दिवसांत पिल्लं निघतात. ती पोहू लागली की उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कापडातून गाळून चिमूटभर द्या.

५. सांभाळणार कोण?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न सगळ्यात मोठा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली ताई मार्चपर्यंत गावी नसते. शेळी शेजारणीकडे ठेवता येते, टाकी कशी ठेवणार? एखाद्या आठवड्यातलं दुर्लक्षही सगळे मासे घालवू शकतं. म्हणून गटात हंगामभर गावी राहणाऱ्या किमान दोघी असतील तरच टाकी घ्या. काम आणि पुढे येणारा पैसा कसा वाटायचा, ते आधीच ठरवून प्रोसिडिंगमध्ये लिहा.

आणखी एक. मासे नकोसे झाले तरी विहिरीत, नदीत किंवा माजलगाव धरणात सोडू नका. टायगर बार्ब सुमात्रा-बोर्नियोकडचा मासा आहे. बाहेरचा मासा आपल्या पाण्यात पसरला तर इथल्या माशांचं आणि मासेमारांचं नुकसान होतं.

मासिक बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात मे महिन्यात आठवड्याला एक हंडा जास्तीचं पाणी मिळेल का?
२. आपल्या गटात हंगामभर गावी राहणाऱ्या दोघी कोण?
३. तयार मासे कोण घेणार? बीड, अंबाजोगाई किंवा संभाजीनगरच्या दोन दुकानदारांना भाव विचारून आलात का?

तिन्हींची उत्तरं वहीत लिहा. सहा मासे सहा महिने जगवून दाखवा. मगच मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन योजनेचे सध्याचे नियम विचारा आणि कर्जाचा ठराव घ्या.

— आपली क्षेत्र समन्वयक