टीसी शेवटी काढायचा

पोरी, काल फोनवर तू म्हणालीस, "आत्या, सोमवारी टीसी काढते आणि मग पुण्यात कॉलेज बघते." तेव्हाच तुला थांबवायला हवं होतं, पण वहिनी शेजारी रडत होती म्हणून बोलता आलं नाही. आता नीट ऐक. टीसी हा शेवटचा कागद आहे, पहिला नाही. एकदा तो हातात पडला की नांदेडच्या कॉलेजच्या पटावरून तुझं नाव गेलं. पुण्यात जागा मिळाली नाही तर तू कुठलीच राहणार नाहीस. कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसून मी अशी किती मुलं पाहिली, ती मोजलेली नाहीत.

क्रम असा ठेव. आधी पुण्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी आहे का, हे विचार. मग पहिल्या वर्षाच्या दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची छापील प्रत घेऊन त्यांच्या विभागप्रमुखांना भेट. तुझं कॉलेज स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं आणि तू जाणार सावित्रीबाई फुले विद्यापीठाकडे. विषय जुळतात का, हे आधी ठरू दे. क्रेडिट बँकेत तुझे श्रेयांक जमा असतील, तिचा एबीसी आयडीही असेल, पण ते धरायचे की नाही हे नवं विद्यापीठच ठरवतं. प्रवेश देतो असं कॉलेजनं लेखी दिलं की मगच टीसी काढ. जुन्या विद्यापीठाकडून मायग्रेशन घे आणि नव्याकडे एलिजिबिलिटीचा अर्ज भर. एकाच विद्यापीठात कॉलेज बदलणाऱ्याला मायग्रेशन लागत नाही. तुझं विद्यापीठच बदलतंय, म्हणून तुला लागेल. आणि टीसी हाती आला की दुसरं काही करायच्या आधी त्याच्या चार झेरॉक्स काढ.

मूळ कागद कुणाकडे ठेवू नकोस. दाखव, पडताळून घे आणि परत घे. मूळ प्रमाणपत्रं कॉलेजनं अडकवून ठेवायची नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. त्याच अधिसूचनेत फी परत करण्याची टप्पेवारीही आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क सोडून पूर्ण फी परत मिळते. त्यानंतर ती ९०, ८०, ५० टक्के अशी घटत जाते आणि शेवटची तारीख उलटून तीस दिवस झाले की काहीच मिळत नाही. म्हणून मन बदललंच तर त्याच दिवशी अर्ज दे, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. तोंडी सांगितलेलं कार्यालयात कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आता पैशाचं. दादाला म्हणावं, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेव. जुलैत सेतू केंद्रापुढे रांगा लागतात, आणि सगळं त्या एका कागदावर अडतं. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्यासाठी तलाठ्याकडून जमिनीचे कागद घ्या. तुझी मैत्रीण अनुसूचित जातीची आहे ना, तिला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बघायला सांग, तिची मर्यादा अडीच लाख. "मुलींना आता सगळं फुकट" असं गावात बोलतात, त्यावर विसंबू नकोस. २०२४ चा तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, बीएस्सीसाठी नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजू नकोस. दर आठवड्याला लॉगिन करून बघ. चूक निघाली की अर्ज परत येतो आणि तिथेच पडून राहतो. नव्या कॉलेजच्या लिपिकाला पहिल्याच दिवशी विचार, माझा अर्ज नूतनीकरणाचा धरणार की नवा?

एक मुलगी मला कायम आठवते. हुशार होती, घरी आई एकटी. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पैसे आलेच नाहीत. फी थकली तसं तिनं यायचं बंद केलं. पुढे कळलं, पैसे आले होते. गावाकडच्या एका जुन्या खात्यात, कारण आधार शेवटचं त्या खात्याला जोडलेलं होतं. सरकारी रक्कम आधार जोडलेल्या खात्यातच जाते, अर्जात तू दुसरा क्रमांक लिहिलास तरी. हे तिला वेळेवर कुणी सांगितलं नाही. मीही नाही. म्हणून पुण्यात नवं खातं उघडशील तेव्हा आधार कुठल्या खात्याला जोडलं आहे, हे बँकेत जाऊन विचारून घे.

आणि लाजू नकोस. ही भीक नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी केली, बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, भाऊराव पाटलांनी पोरांना काम करून शिकायला लावलं. त्यांनी आपल्यासारख्या घरांसाठी ही वाट पाडली आणि तू तिच्यावरून चालते आहेस. पुणे विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे. बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात तासांवर काम मिळतं. तिथंही नाव नोंदव. कार्यालयाच्या खिडकीपाशी उभी राहशील तेव्हा आवाज स्पष्ट ठेव आणि समोरच्याला नमस्कार कर. त्याच्याही टेबलावर शेकडो अर्ज असतात.

सोमवारी टीसीला जाऊ नकोस. दादासोबत तहसीलला जा. रेशनकार्ड, आधार, सातबारा आणि दोन फोटो बरोबर घे.